पावती फाडणाऱ्याने पाणीही तपासावे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

परवा आमच्या गावच्या यात्रेत नातवाने बर्फाच्या गोळ्याचा हट्ट धरला. गाड्यावर गोणपाटाखाली लादी होती, पांढरी, कडेला लाकडाचा भुसा चिकटलेली. खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळा करायचा, असा नियम 2018 पासून आहे. तो पाळला गेला की नाही, हे पांढरी लादी पाहून कसे ओळखायचे? गोळेवाल्याला विचारले. म्हणाला, "काका, टेम्पो टाकून जातो, आपल्याला काय ठाऊक!" तो खोटे बोलत नव्हता. बाजार कराची पावती मात्र त्याच्या खिशात होती, सकाळीच फाडलेली. नातवाची समजूत घालून तसाच परत आणला.

ग्रामविकास अधिकारी म्हणून अशा पावत्यांचा हिशेब मी अनेक वर्षे ठेवला. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने आठवडी बाजारावर फी आणि जत्रांवर कर बसवण्याचा अधिकार पंचायतीला दिला आहे. यात्रेआधी आम्ही टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून पाण्यातला क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट घ्यायचो. नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब पडले की पिवळा रंग यायला हवा. नाही आला, तर शिपायाला पुन्हा टाकीवर पिटाळायचो. पण भज्यांच्या कढईतल्या तेलाला किंवा पेढेवाल्याच्या खव्याला हात लावायची सोय नव्हती. अन्न निरीक्षक जिल्ह्याला. तो पोचेपर्यंत पाले उठलेली असायची.

2006 चा अन्न सुरक्षा कायदा 5 ऑगस्ट 2011 ला लागू झाला. त्याखालच्या नियमांनुसार तात्पुरत्या स्टॉलवाल्यालाही नोंदणी करावी लागते. आणि राज्याचे अन्न सुरक्षा आयुक्त पंचायतीच्या कर्मचाऱ्यालाच नोंदणीचे अधिकार अधिसूचनेने देऊ शकतात! ही तरतूद मला निवृत्तीच्या तोंडावर कळली, याचे आजही वाईट वाटते.

फेब्रुवारी 2024 मध्ये लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात सप्ताहाच्या प्रसादातून शेकडो जणांना विषबाधा झाली. झाडांना दोऱ्या बांधून सलाईन लावावे लागले. ते फोटो पाहिले तेव्हा आमचाच बाजारतळ डोळ्यांपुढे आला.

ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) डोक्यावर कामांचा किती बोजा असतो, हे मला कुणी सांगायला नको. म्हणून उपकेंद्राचा आरोग्यसेवक त्याच्या जोडीला द्यावा, पण नोंदणी गावातच व्हावी. बाजार कराच्या पैशातून आधी बाजारतळावर पाण्याचा नळ बसवावा. आमच्याकडे भेळवाला अजून एकाच बादलीत दिवसभर ताटल्या विसळतो. पुढची यात्रा चैत्रात आहे. आयुक्तांनी तोवर अधिसूचना काढावी, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त ग्रामविकास अधिकारी, जि. सातारा