बाबा, तुमच्या पाटाचं पाणी जिथून सुटतं तिथं जाऊन आलो

ती. आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार. फोनवर सगळं सांगून होत नाही, आई मधेच गॅस बघायला उठते आणि बाबा तुम्हाला फोनवर निम्मं ऐकू येत नाही, म्हणून ह्या वेळी लिहूनच पाठवतेय. आई, चष्मा लाव आणि बाबांना मोठ्यानं वाचून दाखव.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही चौघं नांदूर मधमेश्वरला गेलो होतो, पक्षी बघायला. मोठीच्या शाळेतून पक्ष्यांचं काहीतरी लिहून आणायला सांगितलं होतं आणि ह्यांना सुट्टी होती, नाहीतर एवढ्या जवळ राहून आम्ही कधी गेलोच नसतो. नाशिकपासून चाळीसेक किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघालो तर निफाडकडं थंडी अशी की धाकट्याला दोन स्वेटर आणि वरून माझी शाल. दरवर्षी बातम्यांत निफाडचा पारा सांगतात ना, तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर मोजतात, तिथूनच पुढं गेलो. काही द्राक्षबागांत शेकोट्या पेटवलेल्या, थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून, आणि तो धूर जमिनीलगत पसरलेला.

चापडगावला वनखात्याचं तिकीट काढून आत जायचं. तिथं गावातलीच पोरं गाईड म्हणून येतात, स्टँडवर ठेवायची मोठी दुर्बीण असते त्यांच्याकडं. आमच्यासोबत जो मुलगा होता तो असेल बावीस तेवीसचा, पण पक्षी नुसता उडाला तरी नाव सांगायचा. काठावर पोचलो तेव्हा धुकं होतं, दिसत काही नव्हतं, फक्त आवाज. हजारो पक्षी एकदम कुजबुजल्यासारखा आवाज येत होता. मग ऊन आलं आणि धुकं हळूहळू वर सरकलं, आणि बाबा, पाणी दिसायच्या आधी पक्षीच दिसले एवढे होते.

सगळ्यात जास्त कोण होतं माहितीये का, वारकरी! खरंच हेच नाव आहे त्याचं. काळा कुळकुळीत, कोंबडीएवढा आणि कपाळावर पांढरा ठसठशीत टिळा. धाकटा म्हणाला आजोबांसारखं गंध लावलंय. एवढ्यात एक शिकारी पक्षी आला, दलदली भोवत्या म्हणतात त्याला, पाणकणसांच्या अगदी वरून तरंगत तरंगत, आणि तो दिसल्याबरोबर इकडं तिकडं पांगलेले सगळे वारकरी पाण्यातच एकमेकांजवळ सरकले आणि त्यांचा एक घट्ट काळा पुंजका झाला. एकटा सापडला की गेला, घोळक्यात असला की भोवत्याला कुणावर झडप घालावी ते समजत नाही, असं गाईडनं सांगितलं. मला एकदम तुमची दिंडी आठवली, तुम्ही लहानपणी सांगायचात ना की झेंड्याच्या मागं चालायचं, मागं एकटं रेंगाळायचं नाही.

आई, तुझ्यासाठी पण एक आहे. हळदीकुंकू बदक. चोच काळी, चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी कपाळाजवळ दोन लाल ठिपके. हे इथलंच बदक, परदेशातून आलेलं नाही. दुर्बिणीतून बघताना नाव ऐकलं आणि माझ्या डोळ्यात पाणीच आलं, कारण आदल्याच दिवशी सोसायटीत हळदीकुंकू झालं होतं आणि तू ह्या वर्षी गुडघ्यामुळं कुणाकडंच गेली नाहीस असं फोनवर म्हणाली होतीस.

बाकी किती सांगू. थापट्या नावाचं बदक, चोच चपटी फावड्यासारखी, पाणी आत घेऊन चाळणीसारखं गाळतं आणि त्यातलं बारीक खाणं ठेवून पाणी बाहेर सोडतं. तलवार बदकाची शेपटी तलवारीसारखी. जांभळी पाणकोंबडी एका पायात लव्हाळ्याचा दांडा धरून सोलून खात होती, अगदी आपण ऊस खातो तशी. शेकाट्यांचे पाय लांब आणि लाल, ते नुसते चालले तरी पोरं हसायची. चमच्यासारख्या चोचीचे चमचे होते, चित्रबलाक होते. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मात्र त्या दिवशी नव्हते, मोठी त्याच्यासाठीच आली होती, ती जरा हिरमुसली. आणि कमळपक्षी, ह्याची बोटं एवढी लांब की पाणवनस्पतींच्या पानांवरून चालतो तरी पान बुडत नाही, आणि ह्यांच्यात अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची ती नरानं. हे ऐकून मोठी मला म्हणाली म्हणजे बाबाच आई असतो का, मी म्हणलं हो, तसंच.

आता बाबा, मुख्य गोष्ट तुम्हाला सांगायचीय ती ही. तुम्ही बत्तीस वर्षं पाटकरी म्हणून, शेतांना पाणी सोडत आणि वाटत, ज्या उजव्या कालव्यावर काढली, त्याचं हेड, म्हणजे सुरुवात, हीच. दारणा, गंगापूर धरणांचं पाणी नदीतून इथं येतं, कडवा नदी इथंच गोदावरीला मिळते आणि ह्या बंधाऱ्यावरून डावा उजवा असे दोन कालवे खाली कोपरगाव राहात्याकडं निघतात. हे मला लहानपणापासून पाठ आहे कारण घरात दुसरं बोलणंच नसायचं, आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार, हेडला किती सोडलंय, शेवटी टेलला का पोचत नाही, कुणी चारीच्या तोंडाचा मोघा फोडला, कुणाचा पाणी मागायचा सात नंबरचा फॉर्म राहिला. आणि एक वाक्य तर तुम्ही कायम म्हणायचात, "धरण गाळानं भरलंय, पाणी आणू कुठून?" लोक रात्री दारात येऊन भांडायचे आणि तुम्ही हेच सांगायचात. मला तेव्हा गाळ म्हणजे काहीतरी शाप वाटायचा. आपल्या घरावर आलेला.

तर त्या गाईडनं सांगितलं की हे सगळे पक्षी त्या गाळामुळंच आहेत. बंधारा इंग्रजांच्या काळातला, शंभर वर्षांहून जुना, दर पुरात नदीनं माती आणून टाकली, पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, त्यावर पाणकणीस, लव्हाळी वाढली. खोल पाण्यात ह्या बदकांना तळाशी पोचताच येत नाही, त्यांना वीतभर, हातभर पाणी लागतं. चिखलात किडे, गोगलगायी, पाणगवताची मुळं, सगळं जेवण तिथंच. म्हणून त्यातले बरेच थंडीत हिमालयाच्या पलीकडून, पार सैबेरियाकडून इथं येतात. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी राजस्थानातल्या पक्ष्यांच्या अभयारण्यावरून ह्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं, १९८६ ला अभयारण्य झालं, आणि जानेवारी २०२० मधे रामसरच्या यादीत आल्याचं जाहीर झालं, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, महाराष्ट्रातली ही पहिलीच.

मी तिथंच काठावर बसून राहिले. ज्या गाळापायी तुम्ही लोकांच्या शिव्या खाल्ल्या, रात्र रात्र बॅटरी घेऊन चारीवर फिरलात, त्याच गाळात हे पक्षी जेवत होते. तुमचा त्रास त्यामुळं कमी होत नाही, मला माहितीये. टेलच्या शेतकऱ्याचं पीक जळालं ते जळालंच. पण ते तुम्हाला सांगावंसं फार वाटलं.

आणि अजून एक. गाईड म्हणाला, पाण्याची पातळी सारखी खालीवर होते, पाणी वाढलं की चिखल बुडतो आणि बारके चिखलपक्षी दुसरीकडं जातात, उतरलं की परत येतात. मी विचारलं, आवर्तनामुळं का? तर तो माझ्याकडं बघतच राहिला, म्हणाला ताई तुम्हाला कसं माहीत. मी सांगितलं, माझे वडील पाटकरी होते. हे मी इतक्या अभिमानानं आधी कधी कुणाला सांगितलं नव्हतं बाबा. शाळेत असताना तर विचारलं की नुसतं "सरकारी नोकरी" म्हणायचे. आवर्तनाच्या दिवसांत तुम्ही घरी नसायचात, माझ्या दहावीच्या पेपरच्या आदल्या रात्रीही नव्हतात, त्याचा राग मी खूप वर्षं मनात ठेवला, हेही आज लिहून टाकते. आता नाहीये तो.

सगळंच चांगलं होतं असं नाही. एका कडेला पाणवेलींनी पाणी पूर्ण झाकलेलं, वरच्या शहराचं सांडपाणी नदीत येतं त्यावर ती फोफावते, आणि त्या शहरात मी पण राहते, त्यामुळं बघून बरं वाटलं नाही. खाली पाणी दिसत नाही, पक्षीही तिथं उतरत नाहीत. दुपारी एक ग्रुप आला, मोबाईलवर मोठ्यानं गाणी, एकानं बदकं उडतात का बघायला दगड मारला. गाईडनं शांतपणे समजावलं, पण तोवर सगळी बदकं उडून पलीकडच्या बेटावर गेली होती, आणि एवढ्या लांबून आलेला जीव परत परत उडवला की त्याची ताकद जाते हे लोकांना का कळू नये.

जेवण झाडाखाली केलं, बाजरीची भाकरी, ठेचा, तीळ घातलेलं वांगं आणि तुझ्या पाठवलेल्या तिळाच्या वड्या. धाकट्यानं एक वडी गाईडला नेऊन दिली आणि "गोड बोला" पण म्हणाला. येताना रस्त्यावर द्राक्षं घेतली.

तर आता ऐका. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी जायचं, हे गाडी घेऊन तुम्हाला घ्यायला आदल्या शनिवारीच संध्याकाळी येतील, बसचं बघू नका. मार्च लागला की पक्षी परत जायला लागतात, म्हणून पुढं ढकलायचं नाही. आई, तू म्हणशील मला कशाला, जत्रा आणि लग्नं सोडून तू आयुष्यात कुठं गेलीच नाहीस, म्हणूनच यायचंय. मनोऱ्यावर चढायची गरज नाही, मी बघून आलेय, खाली काठावरून पण भरपूर दिसतं, फोल्डिंगच्या दोन खुर्च्या गाडीत टाकते. सकाळी गार असतं, कानटोपी दोघांनी आणायची. बीपीच्या गोळ्या आठवणीनं.

आणि बाबा, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तुमच्या गेजच्या जुन्या डायऱ्या आहेत ना, रोज किती पाणी आलं ते लिहिलेल्या, त्यातल्या दोनतीन घेऊन या. मोठी गाईडला सांगून आलीये की माझे आजोबा येणारेत आणि त्यांच्याकडं सगळं लिहिलेलं आहे. तो वाट बघतोय.

तुमची,
ताई