वनमंत्र्यांना खुले पत्र: मिरचीची नोंद झाली, तशी बाकीच्यांचीही होऊ द्या

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: परदेशी सरपटणारे प्राणी घरी पाळण्यावर सरसकट बंदी घालू नये, याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात एका पहाटे आमच्या भागातला एक तरुण वनरक्षक माझ्या दारात उभा होता. हातात गोणपाट, आणि त्यात गुंडाळलेला हिरवा इग्वाना, म्हणजे परदेशी जातीचा मोठा सरडा. रस्त्याखालच्या मोरीत गावकऱ्यांना तो दिसला होता. थंडीने पार लाकूड झालेला, डोळे मिटलेले. "सर, आमच्याकडे याचं कुणालाच काही माहीत नाही. तुमच्याकडे असाच एक आहे म्हणतात, म्हणून आणला." आम्ही त्याला हळूहळू ऊब दिली, तोंडात थेंबाथेंबाने पाणी सोडलं. चौथ्या दिवशी तो गेला.

त्याची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्याची नखं कापलेली होती, आणि तीही नीट, रक्तवाहिनी सांभाळून. म्हणजे कुणीतरी त्याला मांडीवर घेऊन बसत होतं. इग्वाना एवढा मोठा व्हायला काही वर्षं लागतात. तेवढी वर्षं त्याला हिरवा पाला आणि ऊब मिळत होती. त्याच माणसाने त्याला साताऱ्याच्या थंडीत उघड्यावर का सोडलं असेल, हे मला कधीच कळणार नाही. पण कायद्याच्या भीतीने अगतिक झालेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्यासाठी हे पत्र.

मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवतो आहे. आमच्या घरात मिरची नावाची इग्वाना मादी आहे. २०२० साली केंद्र सरकारने असे प्राणी स्वेच्छेने जाहीर करायला सांगितलं, तेव्हा आम्ही तिला जाहीर केलं. २०२४ चे नियम आले, तेव्हा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर तिची रीतसर नोंदणी केली. तेव्हा पुढचं जे काही लिहितो आहे, ते स्वतःची सुटका व्हावी म्हणून नाही.

मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या बॅगेत अजगराची पिल्लं सापडली की दोन दिवस बातम्या चालतात आणि तिसऱ्या दिवशी मागणी येते: हे प्राणी घरात ठेवायलाच बंदी घाला. ती आपल्यापर्यंतही पोचत असणार. कायदा केंद्राचा असला तरी त्याची अंमलबजावणी राज्याचं वन खातं करतं आणि केंद्रापुढे राज्याचं म्हणणं आपणच मांडता. म्हणून दिल्लीला न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

तस्करांबद्दल माझ्या मनात तिळमात्र दया नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या सहार एअर कार्गोत शोभेच्या माशांच्या नावाखाली आलेले ६६५ प्राणी पकडले गेले. अजगर, इग्वाना, कासवं, सरडे. त्यातले ११७ मेलेले होते. हा आकडा मी दरवर्षी दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहितो. आपल्या मातीतले प्राणी तर घरात ठेवूच नयेत. चांदणी कासव, घोरपड, मांडूळ यांची जागा रानात आहे. गुप्तधनाच्या खुळापायी मांडुळाचे आणि 'हत्थाजोडी' (मुळी म्हणून विकलं जाणारं घोरपडीचं सुकवलेलं जननेंद्रिय) हिच्या नावाखाली घोरपडीचे जे हाल होतात, ते आपल्या खात्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. बत्तीस शिराळ्यात नाग पकडण्यावर न्यायालयाने निर्बंध आणले, तेव्हा या भागात राहूनही मी उघडपणे त्या बाजूने बोललो होतो आणि त्याबद्दल ऐकूनही घेतलं होतं.

पण आज घराघरांत असलेला इग्वाना किंवा बॉल पायथन नावाचा छोट्या जातीचा अजगर यांचं तसं नाही. चांदणी कासव जप्त केलं तर ते निदान आपल्या रानात परत नेण्याचा विचार तरी करता येतो. मिरचीला कुठे नेणार? तिची जात मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. त्यांना इथल्या जंगलात सोडणं हा निसर्गाशी द्रोह, परत पाठवणं अशक्य. एकदा घरात वाढलेल्या या जिवाला घर हीच एक जागा उरते. इग्वाना पंधरा-वीस वर्षं जगतो, बॉल पायथन नीट सांभाळला तर तीस वर्षंही. आज बंदी आली तरी हे प्राणी उद्या नाहीसे होणार नाहीत. ते फक्त दिसेनासे होतील.

मिरची आमच्याकडे कशी आली, तेही सांगतो, कारण खरी गडबड तिथेच आहे. २०१६ साली माझा मुलगा नववीत होता. मुंबईतल्या एका दुकानात त्याने वीतभर लांबीचं हिरवंगार पिल्लू पाहिलं. दुकानदार म्हणाला, "भाजीपाला खातं, एवढंच राहतं, काही त्रास नाही." तिन्ही गोष्टी घातक निघाल्या. घरात असेल ती भाजी म्हणून आम्ही तिला पालक घालत राहिलो. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, ते अंगी लागू देत नाही, हे विज्ञान शिकवणाऱ्या मला तेव्हा सुचलं नाही. पिंजऱ्यावर साधा बल्ब होता, अतिनील किरणांचा दिवा नव्हता, आणि त्या किरणांशिवाय तिच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही. आठ महिन्यांत तिचा जबडा रबरासारखा मऊ झाला, मागचे पाय थरथरू लागले. गावातल्या पशुवैद्यांनी प्रांजळपणे सांगितलं, की गाय-म्हैस, कुत्रा-मांजर यापलीकडे त्यांनी काही तपासलेलं नाही. पुण्याला सहा फेऱ्या झाल्या तेव्हा ती वाचली. डाव्या पायाचं हाड आजही किंचित वाकडं आहे.

आता ती साडेचार फुटांची आहे. शेवग्याचा पाला, हादग्याची फुलं, जास्वंदीची पानं, किसलेला लाल भोपळा, वरून कॅल्शियमची भुकटी. बसायच्या फांदीजवळ तापमान पस्तीस अंशांच्या आसपास लागतं. हिवाळ्यात रात्री वीज गेली की आम्ही उठून गरम पाण्याच्या पिशव्या भरतो. मुलगा आता पुण्यात नोकरी करतो, त्यामुळे हे सगळं मी आणि माझी पत्नी करतो. हे प्रत्येकाला जमणारं काम नाही आणि कुणी हौसेने विचारायला आलं तर मी बहुतेकांना परतच पाठवतो. पण आमच्या घरी झालेल्या चुकीचा धडा काय घ्यायचा? मला वाटतं, विक्रेत्यावर बंधन हवं. प्राणी किती वाढतो, किती जगतो, त्याला काय लागतं हे लेखी दिल्याशिवाय, आणि पिल्लू कुठे जन्मलं याची पावती दिल्याशिवाय, विक्री होताच कामा नये. आज त्या दुकानदाराला कुणी काही विचारत नाही. खरेदी करणारा मात्र गुन्हेगार ठरायच्या भीतीत जगतो.

ही भीती काल्पनिक नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली, आणि वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांमधल्या परदेशी प्राण्यांसाठी कायद्यात चौथी अनुसूची आली. २८ फेब्रुवारी २०२४ ला नोंदणीचे नियम निघाले आणि ज्यांच्याकडे असे प्राणी आधीपासून होते, त्यांना सहा महिने मिळाले. ते २८ ऑगस्टला संपले. चांगलं पाऊल होतं, माझा त्याला विरोध नव्हता आणि नाही. पण ही बातमी गावात पोचली कशी? एका व्हॉट्सअॅप संदेशातून, आणि तोही "पकडले गेलात तर तुरुंग" एवढंच सांगणारा. आमच्याकडच्या कुठल्या ग्रामपंचायतीच्या फलकावर मला एक ओळ दिसली नाही. सर्पमित्रांनाही कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

त्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात माझा एक माजी विद्यार्थी फोनवर रडला. त्याच्याकडे बॉल पायथन होता, पाच वर्षांपासून. दुकानाची पावती नाही, २०२० ची घोषणा केलेली नाही, पोर्टलवरचं इंग्रजी उमजेना. मी म्हटलं, "घरी ये, आपण बसून भरू." तो म्हणाला, "सर, पावती नाही हे मीच लिहून द्यायचं, आणि मग तेच माझ्यावर उलटलं तर?" मला त्याला खात्री देता आली नाही. तो आला नाही. पुढे त्याने माझा फोन घेणंही बंद केलं. तो साप आज आहे की नाही, असला तर कुणाकडे आहे, कुठल्या डब्यात आहे, मला ठाऊक नाही. आपल्या खात्यालाही ठाऊक नाही.

बंदीच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा मी टाळणार नाही. परदेशी प्राणी सुटून इथे रुजले तर? अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत बर्मी अजगरांनी तिथले छोटे सस्तन प्राणी कसे संपवत आणले, हे मी मुलांना शिकवतो. आपल्याकडे साताऱ्याची थंडी इग्वानाला मारते, पण कोकणात आणि गोव्यात तो तगू शकेल, हे मी नाकारत नाही. म्हणूनच तर तो कुणाकडे आहे याची नोंद हवी. आणि प्राणी सुटण्यापेक्षा सोडले जाण्याचा धोका कितीतरी मोठा आहे. लाल कानांचं कासव बघा. नाण्याएवढं असताना काचेच्या वाडग्यात विकतात, ताटलीएवढं झालं की लोक देवळाच्या तळ्यात सोडून पुण्य केल्याच्या समाधानात घरी जातात. जगातल्या सर्वांत उपद्रवी परकीय जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. पण साइटिसच्या याद्यांत ते नसल्याने त्याला या नोंदणीचा जाच नाही. दोन हजार रुपयांच्या दिव्याखाली बसलेल्या मिरचीची नोंद लागते आणि तळ्यात जाणाऱ्या कासवाची लागत नाही, याचा विचार व्हायला हवा.

त्यासाठी नव्या बंदीची गरजही नाही. याच दुरुस्तीने आलेल्या कलम ६२अ मध्ये परकीय आक्रमक जातींची आयात, व्यापार आणि बाळगणं यांवर नियंत्रण आणण्याचा अधिकार केंद्राला दिलेला आहे. ज्या जाती आपल्या हवामानात रुजू शकतात त्यांची अभ्यास करून यादी करा, त्यांची विक्री आणि पैदास थांबवा. त्या यादीत उद्या इग्वाना आला तरी मी मान्य करीन. खुद्द फ्लोरिडाने २०२१ मध्ये इग्वाना आणि तेगू हा दक्षिण अमेरिकेतला मोठा सरडा निषिद्ध ठरवले, पण ज्यांच्या घरी ते आधीच होते त्यांना मोफत परवाना दिला, कातडीखाली मायक्रोचिप बसवायला लावली आणि तो प्राणी मरेपर्यंत त्यांच्याकडे राहू दिला. एवढं सोसलेल्या राज्याला हे सुचलं, तर आपल्यालाही जमेल.

आपल्या हातात आज जे आहे ते मागतो. ज्यांची मुदत चुकली त्यांना न घाबरता पुढे येता येईल अशी कायमची खिडकी उघडावी म्हणून केंद्राकडे आग्रह धरा. प्रत्येक वन विभागात एक मराठी बोलणारा माणूस या कामासाठी नेमा, अर्ज मराठीत करा. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस सरपटणाऱ्या प्राण्यांचा तपासणी विभाग सुरू झाला तर सातारा, पुणे, सांगलीची सोय होईल, आणि तिथून शिकून गेलेले डॉक्टर तालुक्यातालुक्यांत पोचतील. जप्त झालेले, सापडलेले, कुणाला सांभाळणं झेपेनासे झालेले प्राणी तात्पुरते ठेवायला नोंदणीकृत पालकांना लेखी परवानगी द्या. त्या वनरक्षकाने माझ्या दारात इग्वाना आणला, तेव्हा तो कुठल्या कागदावर माझ्याकडे राहणार, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. त्याने माणुसकीने आणला, मी माणुसकीने घेतला, आणि चार दिवस आम्ही दोघंही मनातून धास्तावलेलो होतो. त्या वनरक्षकाला त्याबद्दल कुणी जाब विचारू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

मी सत्तावन्न वर्षांचा आहे. मिरची सगळं ठीक चाललं तर आणखी दहा वर्षं जगेल. तिची नोंद माझ्या नावावर आहे. ती मुलाच्या नावावर करण्यासाठी या महिन्यात अर्ज करतो आहे. तो अर्ज आपल्या खात्याकडे येईल, तेव्हा एवढं पत्र त्याच्याबरोबर वाचलं जावं.

आपला नम्र,
एक विज्ञान शिक्षक
सातारा