दिसली की भासली

वाळपई, गोवा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आठ इंची दुर्बिणीतून एनजीसी १४७ ही अंधूक दीर्घिका दिसते का, असे तू पावसाळ्यापूर्वी विचारले होतेस. त्याचे उत्तर आता देता येईल, पण एका शब्दात नव्हे.

कार्तिक अमावास्येला भाच्याला घेऊन सुर्लच्या सड्यावर दुर्बीण लावली. पश्चिमेला पणजीकडचा उजेड होताच. मात्र ही दीर्घिका रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला ५७ अंशांवर येते आणि तिथले आकाश काळेभोर होते. देवयानी दीर्घिकेची ही सोबतीण राहते शर्मिष्ठा तारकासमूहाच्या घरी. कोण कोणाची दासी होती ते आठवून हसू आले.

शर्मिष्ठेतल्या ओमायक्रॉन ताऱ्यापासून अंशभर पश्चिमेला सरकताच आधी तिची शेजारीण दीर्घिका एनजीसी १८५ सापडली, मधोमध जराशी उजळ आणि कडेला विरत गेलेली. विल्यम हर्शेलने ती १७८७ मध्ये टिपली. १४७ मात्र त्याच्या मुलाला, जॉनला, १८२९ मध्ये गवसली. या ४२ वर्षांचे मला आता नवल वाटत नाही. प्रतीत, म्हणजे तेजाच्या मापात, दोघींचा फरक थोडाच, पण १४७ चा प्रकाश इतका पसरलेला की नजर टेकायला मधे ठिपकाच नाही.

पहिला अर्धा तास काही दिसले नाही. वर आयपीसवर, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगावर, दव धरले. ते पुसायचे नसते, म्हणून खिशात घालून ऊब दिली. मग ४८ पट वर्धन ठेवून १८५ ला कडेबाहेर ढकलले, डोक्यावरून काळे फडके घेतले, नजर तिरकी केली आणि नळीला बोटाने टिचकी मारली. त्या हालचालीत काळोखाचा एक लांबट तुकडा आजूबाजूपेक्षा किंचित कमी काळा वाटला, आणि थेट पाहताच नाहीसा झाला.

याच दोघींतले तारे खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने सुटे टिपले व १९४४ मध्ये ते प्रसिद्ध केले. युद्धामुळे तेव्हा तिथल्या शेजारच्या लॉस एंजेलिसचे दिवे मंद होते. आमच्याकडे ती सोय वीज गेली तरच होते.

भाच्याला काहीही न सांगता कागद-पेन्सिल दिली. त्याने काढलेला डाग, दिशा लावून पाहिल्यावर, उत्तरेकडून थोडा पूर्वेला कललेला निघाला, म्हणजे अगदी बरोबर. नोंदवहीत त्याच्यापुढे ‘दिसली’ असे शाईने लिहिले आहे. माझ्यापुढे तेच पेन्सिलीने, कारण तो कल मला नकाशावरून आधीच ठाऊक होता.

पुढच्या अमावास्येला तुझी दहा इंची घेऊन ये.

तुझा स्नेही