लिंगभावाच्या अभ्यासाला दुय्यम मानू नये

मा. संपादक,

पदव्युत्तर स्तरावर लिंगभाव (जेंडर, म्हणजे समाजाने घडवलेला स्त्री-पुरुष भेद) हा विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘याचा उपयोग काय?’ असे आजही विचारले जाते, आणि हा प्रश्न कोल्हापुरात ऐकावा लागतो याचे मला अधिक वाईट वाटते. शाहू महाराजांनी 1917 मध्ये याच संस्थानात विधवा पुनर्विवाहाला कायद्याचे बळ दिले. तरीही शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव मे 2022 मध्ये करावा लागला (राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून त्याचे अनुकरण करण्यास सांगितले, ही अभिमानाची गोष्ट). मधली शंभर वर्षे कशात गेली, हे समजण्यासाठी जात, जमीन, वारसा आणि घरातील श्रम यांचा एकत्रित अभ्यास लागतो.

ऊसतोडीचेच पाहा. मराठवाड्यातून आपल्या जिल्ह्यात येणारे नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एकच एकक, धरला जातो, उचल (आगाऊ रक्कम) बहुधा पुरुषाच्या हाती पडते, आणि मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणाऱ्या स्त्रीची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही. असे प्रश्न अर्थशास्त्राच्या वर्गात एखाद्या तासापुरते येतात.

मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र 1974 मध्येच सुरू केले. आपल्या महाविद्यालयांनीही विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलग्यांना, या विषयाकडे वळवावे आणि शेतशिवारातील क्षेत्रकार्य त्यात अनिवार्य करावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर