10 मीटरच्या आतल्या खासगी मातीधरणांचा वाली कोण? जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

धरण सुरक्षा अधिनियम, 2021 मुळे देशातल्या मोठ्या धरणांच्या मालकांवर काही कामे बंधनकारक झाली. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करायची, नोंदी ठेवायच्या, आपत्कालीन कृती आराखडा तयार ठेवायचा. मालक सरकार असो की खासगी कंपनी, नियम एकच. पण या कायद्याच्या कक्षेत येतात ती 15 मीटरपेक्षा उंच धरणे. 10 ते 15 मीटरमधली धरणे काही अटींवरच येतात: माथ्याची लांबी 500 मीटर, साठा 10 लाख घनमीटर, पुराचा विसर्ग सेकंदाला 2000 घनमीटर, अवघड पाया किंवा वेगळ्या धर्तीचे संकल्पन यांपैकी एखादी तरी गोष्ट असावी लागते. एखाद्या कंपनीने, संस्थेने किंवा जमीनमालकाने नाल्यावर घातलेला 9 मीटरचा मातीचा बांध यात कुठेच बसत नाही. तो खासगी असल्याने जलसंपदा किंवा जलसंधारण खात्याचा शाखा अभियंताही तिकडे फिरकत नाही.

हा बांध लहान म्हणायचा तो उंचीने. 8 मीटर पाणी आणि 1 लाख घनमीटर साठा धरला, तर त्यामागे 1 लाख टन पाणी उभे असते. असा बांध फुटला तर धरणफुटीच्या प्रचलित सूत्रांनुसार प्रवाहाचा जोर सेकंदाला 200 घनमीटरच्या पुढे जातो. ज्या नाल्याला एरवी गुडघाभर पाणी असते, त्या नाल्यातून. काठावर चार घरे असोत, शाळा असो की रस्त्याची मोरी, तिथे पोहोचायला त्याला काही मिनिटे पुरतात. म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की देखरेखीचा निकष बांधाच्या उंचीवर न ठरवता खाली कोण राहते आणि जमिनीच्या पातळीच्या वर किती पाणी उभे आहे, यावर ठरवा.

मातीची धरणे बहुतेक दोनच कारणांनी जातात: माथ्यावरून पाणी उलटते किंवा भरावाच्या पोटातून माती वाहून जाते. पहिल्या कारणाचे मूळ सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेत असते, आणि खासगी बांधावर सर्वात जास्त ढवळाढवळ होते ती तिथेच. साधा हिशेब पाहा. 10 मीटर रुंदीच्या सांडव्यावरून 1 मीटर उंचीने पाणी गेले, तर सेकंदाला साधारण 17 घनमीटर विसर्ग होतो. मालकाने थोडा जास्त साठा मिळावा म्हणून सांडव्यावर अर्ध्या मीटरची विटांची भिंत घातली किंवा वाळूची पोती रचली, तर त्याच पूरपातळीला विसर्ग 6 घनमीटरवर येतो. सांडव्यावरच्या पाण्याची उंची निम्मी झाली, पण क्षमता जवळपास एक तृतीयांशच उरली. आता पाणलोट अवघा 1 चौरस किलोमीटर धरा. तासाला 100 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला 80 टक्के वाहून आला, तर येणारा पूर सेकंदाला 22 घनमीटर असतो. म्हणजे मूळ सांडवाच अपुरा होता आणि भिंतीने उरलीसुरली संधीही घालवली. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळी, त्यात अडकलेल्या फांद्या, पुच्छ कालव्यात (सांडव्याचे पाणी पुढे नेणाऱ्या चरात) वाढलेली घाणेरी, सांडव्यावरून नेलेला रस्ता, या सगळ्यांचा परिणाम तोच. अमेरिकेतल्या साउथ फोर्क या खासगी क्लबच्या धरणावर अशी जाळी होती, माथा उतरवलेला होता आणि तळाचे विमोचक नळ (तलावातले पाणी खाली सोडायचे नळ) आधीच काढून टाकलेले होते. 31 मे 1889 रोजी ते फुटले आणि जॉन्सटाउनमध्ये 2209 माणसे मेली. हवाई बेटांवरचे का लोको धरण 14 मार्च 2006 रोजी फुटले. तेही खासगीच होते. त्यात सात जण गेले. सांडवा भरून टाकल्याचे पुरावे चौकशीत पुढे आले, आणि राज्याच्या नोंदीत ते धरण 'कमी धोक्याचे' म्हणून लागलेले होते.

दुसरे कारण डोळ्यांना उशिरा दिसते. बांधातून आरपार जाणारा नळ ही त्याची नेहमीची जागा. गोल नळाच्या पोटाखालच्या दोन्ही बाजूंना माती ठोकून दाबायचा धुम्मस पोहोचत नाही, माती पोकळ राहते आणि पाणी नळाच्या कडेने वाट काढते. नळ साध्या लोखंडाचा असेल तर काही वर्षांत गंजून त्याला भोके पडतात आणि आतल्या दाबाचे पाणी थेट भरावात शिरते. नळाला काँक्रीटचे आवरण हवे, ते बाजूंना उतरते हवे आणि खालच्या तोंडाशी नळाभोवती स्वच्छ वाळूची गाळणी हवी. पाझर थांबवण्यापेक्षा त्याच्याबरोबर माती बाहेर येऊ न देणे महत्त्वाचे आहे. खासगी बांधात ही वाळू जवळजवळ कधीच नसते. भरावही 15 ते 20 सेंटिमीटरच्या थरांत, ओल जमवून, रोलरने दाबलेला क्वचितच असतो. पोकलेनने माती ओतायची आणि ट्रॅक्टर फिरवायचा, झाला बांध. त्यात गाभ्याला काळी माती वापरून वर मुरमाचे पुरेसे आच्छादन दिले नाही, तर उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पहिल्याच मोठ्या पावसात तलाव झपाट्याने भरला की पाणी त्या भेगांतून आत शिरते. झाडांचेही तसेच आहे: जिवंत मुळांपेक्षा झाड तोडल्यावर कुजणारी मुळे घातक, कारण त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. घुशी, साळिंदर आणि खेकडे बिळे करतात हे खरेच आहे. पण बीळ महिनोन्महिने दिसत असते, आणि पाहणारा माणूस नेमलेला असेल तर ते बुजवलेही जाते. 2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटले ते सरकारी होते आणि गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. खासगी बांधाच्या बाबतीत अशी तक्रार कोणाकडे करायची, हेच ठरलेले नाही.

पाहणीला महागडी साधने लागत नाहीत. बांधाच्या पायथ्याशी पाझर एका चरात गोळा करून 90 अंशांची व्ही-खाच असलेला पत्रा बसवला की मोजपट्टीवर काम होते. खाचेवर 5 सेंटिमीटर पाणी म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर, 10 सेंटिमीटर म्हणजे सुमारे 4.4 लिटर. तलावाची पातळी तीच असताना हा आकडा वाढला तर काहीतरी बिघडते आहे. तेच पाणी काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवायचे. तळाशी गाळ बसला तर बांधाच्या आतली माती बाहेर येत आहे, आणि मग थांबायला वेळ नसतो.

अशा वेळी लोक घाबरून नेमके उलटे करतात. खालच्या बाजूचे उकळते तोंड, म्हणजे पाझर उसळून बाहेर येतो ती जागा, चिकणमातीने बंद करतात. त्याने आतला दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून फुटते. त्यावर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असा भार द्यायचा असतो, म्हणजे पाणी निघते आणि माती अडते. कधी पाणी उतरवण्यासाठी जेसीबीने माथाच कापतात. हे तर बांध हाताने फोडणेच झाले. सांडव्याचा अडथळा काढावा, विमोचक उघडावा, नसेल तर माथ्यावरून सायफन लावावे. 150 मिलिमीटरच्या एका सायफनने दिवसाला सुमारे 3000 घनमीटर पाणी जाते, त्यामुळे एकाने भागत नाही हे आधीच माहीत हवे. एरवी पातळी दिवसाला 30 सेंटिमीटरपेक्षा वेगाने उतरवू नये, नाहीतर पाण्याकडचा ओला उतार घसरतो. प्राण वाचवायची वेळ आली तर तो धोका पत्करावाच लागतो, पण हा निर्णय घेणारा अभियंता फोनवर तरी हवा.

पाणी हा राज्याचा विषय आहे आणि 10 मीटरखालच्या बांधांसाठी नियम करायला राज्याला कोणी अडवलेले नाही. ब्रिटनमध्ये डोलगारोगची 1925 ची दुर्घटना एका खासगी कंपनीच्या धरणांमुळे घडली, 16 जण गेले, आणि 1930 मध्ये कायदा झाला. तिथे मोजमाप साठ्याचे आहे: 25,000 घनमीटर, आणि वेल्समध्ये 2016 पासून 10,000 घनमीटर, तेही जमिनीच्या नैसर्गिक पातळीच्या वर साठलेले पाणी. हा तपशील आपल्यासाठी फार उपयोगाचा आहे, कारण जमिनीत खोदलेली शेततळी यातून आपोआप बाहेर राहतात आणि लहान शेतकऱ्यावर विनाकारण ओझे येत नाही. 10,000 घनमीटरच्या वरचा किंवा खाली वस्ती असलेला प्रत्येक खासगी बांध नोंदवून घ्या.

नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घाला. जमीन विकली जाते, नवा मालक येतो, नकाशे जुन्या मालकाकडेच राहतात आणि बांधाची जबाबदारी आपल्यावर आहे हे नव्याला ठाऊकही नसते. सातबाऱ्यावर असेल तर खरेदीखताच्या वेळीच त्याला कळेल. मालकाला दरमहा पाहणी आणि पावसाळ्यात रोज पाझराची नोंद बंधनकारक करा, आणि वर्षातून एकदा स्वतंत्र अभियंत्याचा दाखला. हा अभियंता मालकाने निवडावा, पण तुमच्या पॅनेलमधूनच, आणि अहवालाची प्रत थेट नाशिकच्या धरण सुरक्षितता संघटनेकडे जावी. फी मालकाकडून आणि अहवालही फक्त मालकाकडेच, अशी रचना केली तर कागद बनतील, बांध दुरुस्त होणार नाहीत. सांडव्याची पातळी आणि रुंदी काँक्रीटच्या खांबावर कोरून ठेवावी, म्हणजे तलाठ्यालाही फेरफार ओळखता येईल. मालकाने दुरुस्ती टाळली तर पाणी उतरवून घेण्याचा आणि खर्च जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना हवा.

यासाठी विधेयकाची वाट पाहायची गरज नाही. उपग्रहचित्रांवर जिल्हानिहाय यादी महिन्या-दोन महिन्यांत होते, आणि विमोचकाचे तोंड व पाण्याकडचा उतार उघडा पडतो तो मार्च ते मे दरम्यान. यादी हिवाळ्यात तयार झाली, तर खाली वस्ती असलेल्या बांधांची पहिली पाहणी येत्या पावसाळ्याआधी पूर्ण होऊ शकते. त्यासाठीचा तपासणी नमुना मराठीत, दोन पानांचा, मालकाला स्वतः भरता येईल असा, आम्ही खात्याला विनामूल्य करून देऊ.

आपले,
मातीच्या धरणांच्या बांधकाम व देखभालीचे काम करणारे अभियंते