लाल-निळा रंग वेगाचा, तापमानाचा नव्हे

मा. संपादक,

जन्माला येत असलेल्या महाकाय ताऱ्यातून उसळणाऱ्या वायूचे चित्र आपण विज्ञान पानावर छापलेत, याबद्दल आभार. पण चित्राखाली ‘लाल वायू तप्त, निळा थंड’ असे लिहिले आहे. ते चूक आहे. अशी कात्रणे आम्ही शाळेच्या फलकावर लावतो, म्हणून हे पत्र.

चिलीतील आल्मासारख्या रेडिओ दुर्बिणी कार्बन मोनॉक्साइडची रेषा, म्हणजे त्याच्या रेणूंनी ठरावीक कंप्रतेला सोडलेल्या रेडिओ लहरी, टिपतात. वायू स्थिर असेल तर तिची कंप्रता ११५.२७ गिगाहर्ट्झ असते. तो सेकंदाला १० किमी वेगाने आपल्याकडे येत असेल तर ती सुमारे ३.८ मेगाहर्ट्झने वाढते, दूर जात असेल तर तेवढीच घटते. येणाऱ्या वायूला संगणकावर निळा रंग देतात, जाणाऱ्याला लाल. त्याआधी तारा ज्यात जन्मतो त्या संपूर्ण मेघाचा स्वतःचा वेग वजा करावा लागतो; ते राहिले तर सगळाच वायू एका रंगाचा दिसू शकतो. झोत आपल्या नजरेला आडवा असेल तर खरा वेग कितीही असो, मोजलेला कमीच भरतो. दाट वायू या रेषेच्या लहरींना अपारदर्शक ठरतो, आतला वायू दिसत नाही आणि मोजलेले वस्तुमानही कमी भरते. तिथे कार्बन-१३ असलेल्या रेणूची ११०.२ गिगाहर्ट्झची रेषा वापरतात.

‘तारा वस्तुमान गमावत आहे’ हे तिथले वाक्यही दिशाभूल करते. सूर्याच्या आठपटींहून जड तारा वाढता वाढताच पेटतो. त्याचा प्रखर प्रकाश भोवतालच्या धुळीला बाहेर ढकलतो, म्हणजे पुढची वाढ खुंटायला हवी. पण ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या चकतीतून आत येणाऱ्या वायूचा काही भाग चुंबकीय क्षेत्रामुळे दोन्ही ध्रुवांकडून फेकला जातो आणि जाताना परिवलनाचा संवेगही (फिरण्याचा जोर) घेऊन जातो; त्यामुळेच उरलेला वायू ताऱ्यावर पडू शकतो. झोतांनी कोरलेल्या पोकळ्या चुलीच्या धुराड्यासारख्या काम करतात: प्रकाश तिथून निसटतो आणि चकतीवरचा दाब हलका होतो. वायू बाहेर पडतो म्हणूनच हा तारा वाढतो.

यापुढे अशा चित्राखाली कोणत्या रेषेत टिपले, अंतर किती आणि मोजपट्टी काय, एवढे जरूर छापावे.

कापूस वेचणीच्या या दिवसांत रात्री दहाच्या सुमारास मृग पूर्वेला चांगला वर आलेला असतो. त्रिकांडाच्या (मृगातल्या एका ओळीतल्या तीन ताऱ्यांच्या) दक्षिणेचा, सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूरचा तेजोमेघ शेतातल्या अंधारात १०×५० द्विनेत्रीतून करड्या धुक्यासारखा दिसतो. तिथलाही असा प्रसिद्ध वायूझोत त्या तेजोमेघामागच्या दाट धुळीत आहे. तो डोळ्यांना दिसणार नाही, हे मुलांना आधीच सांगावे. आपल्या खोडदच्या (जि. पुणे) जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीलाही कार्बन मोनॉक्साइडची ही रेषा टिपता येत नाही, कारण ती दुर्बीण सुमारे १,४५० मेगाहर्ट्झपर्यंतच काम करते.

दुरुस्ती त्याच पानावर, चित्रासह छापावी ही विनंती.

– काही विज्ञान शिक्षक, ता. चिखलदरा, जि. अमरावती