बॉनिफेसची कुऱ्हाड ही अर्धीच गोष्ट

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत मध्ययुगीन युरोपातल्या पवित्र झाडांवर लेख आला होता तो वाचला, विषय घेतलात ते फार बरं केलंत. पण तो वाचून असं वाटतं की ख्रिस्ती धर्म आला, त्याने कुऱ्हाड उचलली आणि झाडांची भक्ती तिथंच संपली, आणि हे मला अजिबात पटलेलं नाही म्हणून लिहितेय.

बॉनिफेस या ख्रिस्ती धर्मप्रचारकाने जर्मनीत हेस्से भागात गाइस्मारला डोनार या जुन्या मेघगर्जनेच्या देवाचा ओक वृक्ष तोडला, साधारण ७२३ च्या सुमारास, हे खरंच आहे. पण त्याच लाकडातून त्याने संत पीटरचं प्रार्थनाघर बांधलं हे लेखात एका ओळीत उरकलंय. म्हणजे झाड पाडलं तरी त्याचं लाकूड पवित्रच मानलं ना? आणि त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, ६०१ साली, पोप ग्रेगरीने धर्मप्रसारासाठी इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या धर्मगुरूला पत्र लिहिलं होतं की मूर्ती फोडा पण देवळं पाडू नका, पवित्र पाणी शिंपडा आणि तिथंच वेदी मांडा, सणाच्या दिवशी लोकांना झाडांच्या फांद्यांचे मांडव घालू देत, जेवू देत. हे पत्र लेखात यायलाच हवं होतं, कारण पुढची कित्येक शतकं गावोगावी हेच चाललं होतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो जुन्या इंग्रजीतला शेत सुधारण्याचा विधी, अकराव्या शतकातल्या हस्तलिखितात तो आहे. शेत पिकेनासं झालं की पहाट व्हायच्या आधी चारी बाजूंनी गवतासकट मातीचे चार तुकडे कापायचे, त्यांच्यावर तेल, मध, यीस्ट, त्या जमिनीवरच्या प्रत्येक गुराचं दूध, तिथल्या झाडांचे आणि औषधी पाल्यांचे तुकडे घालायचे, मग पवित्र पाणी. नंतर ते तुकडे चर्चमध्ये न्यायचे, गवताची बाजू वेदीकडे करायची आणि पाद्रीबुवांनी त्यांच्यावर चार मिस्सा (प्रभुभोजनाच्या उपासना) गायच्या, मग सूर्य मावळायच्या आत सगळं परत जागेवर, खाली लाकडाचे क्रूस, त्यांच्यावर मत्तय, मार्क, लूक, योहान यांची नावं, आणि एवढं झाल्यावर नांगर धरताना हाक कुणाला तर धरणीच्या आईला! आता यात चर्चने काय तोडलं सांगा, पाद्री स्वतः वेदीपाशी उभा आहे.

वनस्पतींचंही तसंच. २४ जून, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा जन्मदिवस, त्या सुमाराला पिवळी फुलं येणारं सेंट जॉन्स वर्ट लोक सैतान पळवायला दारावर टांगायचे, कळी चुरगळली की बोटं लाल होतात ते योहानाचं रक्त, पान उजेडात धरलं की बारीक भोकं दिसतात ती सैतानाने चिडून सुया टोचल्या म्हणून. वर्म्सचा बिशप बुर्खार्ट याने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला पापकबुलीच्या वेळी विचारायचे प्रश्न लिहून ठेवलेत, त्यात औषधी पाला गोळा करताना मंत्र म्हटलास का असं विचारलंय, पण श्रद्धेची कबुली आणि प्रभूची प्रार्थना म्हणत खुडला असेल तर चालतंय. पाला तोच आणि खुडणारीही तीच, फक्त तोंडातले शब्द बदलले की पाप नाही.

आणि इथंच माझं मुख्य म्हणणं आहे, की झाड पवित्र की अपवित्र हे झाडावर नाही, समोर कोण उभं आहे आणि ठरवणारा कोण आहे यावर ठरत होतं. तेराव्या शतकात स्टीफन नावाच्या डोमिनिकन साधूला लिऑं भागात कळलं की बायका आजारी मुलं संत गिनफोरकडे नेतात, चौकशी केली तर हा संत म्हणजे चक्क कुत्रा, बाळाला सापापासून वाचवून मालकाच्या हातून मेलेला (आपली मुंगसाची गोष्टच ही). बायका झुडपांवर बाळाचे कपडे टांगत, झाडाला खिळे ठोकत, मूल दोन खोडांमधून नऊ वेळा एकीकडून दुसरीकडे देत. मुलाला मेणबत्त्यांशेजारी एकटं ठेवायचे त्यात काही मुलं भाजून गेली असं स्टीफन लिहितो, त्यामुळे त्याचा संताप उगाच नव्हता हे मान्य करायलाच हवं. त्याने हाडं उकरून काढली, तिथली झाडांची राई तोडून जाळली, तरी लोक एकोणिसाव्या शतकापर्यंत तिथं जात राहिले.

फ्रान्ससाठी लढलेल्या जोन ऑफ आर्कचं नाव लेखात नाही याचं तर फार वाईट वाटलं. तिच्या डोंरेमी गावाजवळ एक बीचचं झाड होतं, बायांचं झाड किंवा पऱ्यांचं झाड म्हणायचे, शेजारी झरा, ताप आलेले लोक त्याचं पाणी प्यायचे. १४३१ साली चर्चने तिच्यावर पाखंडाचा खटला भरला, त्यात तिला यावर खोदून खोदून विचारलं. ती सरळ सांगते की लोक पितात ते मी पाहिलंय, बरे होतात की नाही ते मला ठाऊक नाही, आणि तिथं मी डोंरेमीच्या मरियामातेसाठी हार केलेत. जादूटोण्याची मानलेली मॅन्ड्रेकची मुळी बाळगतेस का हेही विचारलं, तिने साफ नाही म्हटलं. तरी आरोपपत्रात झाड आलंच. पुढे १४५६ ला निकाल रद्द झाला त्या फेरचौकशीत गावकऱ्यांनी सांगितलं की पोरं तिथं भाकरी घेऊन जायची, खायची, नाचायची, आणि गावचा पाद्रीही त्या झाडापाशी शुभवर्तमान वाचायचा. त्या पाद्रीला कुणी जाब विचारला नाही, एकोणीसेक वर्षांच्या मुलीला विचारला. मला याचा आजही राग येतो.

एक छोटी दुरुस्ती, इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीचं काटेरी झाड येशूला कबरीत ठेवणाऱ्या अरिमथाईच्या योसेफाच्या काठीतून उगवलं ही कथा लेखकाने मध्ययुगीन म्हणून दिलीय. १५२० च्या कवितेत नाताळात पालवणारी झाडं आहेत, पण काठी नाही, ती गोष्ट अठराव्या शतकात येते.

१५ ऑगस्टला मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला जर्मनीत आणि पोलंडमध्ये अजून औषधी पाल्याच्या जुड्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करून घेतात, त्यावर याच लेखकांकडून एक स्वतंत्र लेख लिहून घ्या ही विनंती, आणि त्यात कोणत्या जुडीत काय काय असतं ते नीट सविस्तर येऊ दे.

आपली एक नियमित वाचक